उघड्या डोळ्यांची

“अजून किती वेळ नाक त्याच बाजूला ठेवू? मान अवघडली माझी,” खुर्चीतल्या सासूबाई, म्हणजे अक्का, पुटपुटल्या.

शैलजाला ऐकू आलं, पण ती मोबाइलवर चित्रकलेचे दोन कोर्स ताडून बघत होती. एक गुरुजी म्हणत, आधी डोळा काढा. दुसरे म्हणत, डोळ्याला शेवटपर्यंत हात लावू नका. शेजारी पुस्तकांची चळत वाढत होती. पेन्सिलींना मात्र अजून दुकानातलंच टोक होतं.

फोटोत अक्कांचे डोळे हमखास मिटायचे. म्हणून इस्पितळातून परतल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं होतं, “तू काढ मला. उघड्या डोळ्यांची.” कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. डॉक्टर काय म्हणाले, तेही घरात कुणी उच्चारत नव्हतं. त्याऐवजी शैलजाचा नवरा नवं पुस्तक मागवायचा, लेक व्हिडिओ पाठवायची आणि शैलजा मन लावून निवड करत बसायची.

“अक्का, हे पायरी-पायरीनं चेहरा शिकवणारं पुस्तक बरं, की ते जलरंगांचं?”

“मला काय विचारतेस? मी काय पुस्तकात आहे? ही इथं बसलेय ना तुझ्यासमोर!”

“अहो, चित्रात तुम्ही बिघडलात तर? आधी माठ, वांगी असलं काहीतरी काढते. एकदा हात बसला, की लगेच तुम्हाला घेते.”

अक्कांनी मान सोडवली, नाक हवं तिकडे वळवलं आणि थेट सुनेकडे पाहिलं.

“शैलजा, तुझा हात बसेपर्यंत मी उठून गेलेली असेन गं.”