दहावा पक्षी

आमच्या मंडळाच्या रविवारच्या पक्षी-फेरीत प्रत्येक नवख्याला एक जाणकार जोडीदार मिळतो. दहा पक्षी ओळखता आले की नवखा पास. मग त्याने एकट्याने फिरायचं आणि जोडीदाराने पुढचा नवखा घ्यायचा.

बसवनगुडीच्या श्रीधररावांचं घोडं सात महिने नवावरच अडलं होतं. घरी बोलायला कोणी नसल्यामुळे त्यांनी पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक दोनदा वाचून काढलं होतं. पण तळ्याकाठी आले की मातकट रंगाच्या वंचक पक्ष्याकडे बोट दाखवून विचारायचे, "हा बगळाच ना, तुंगाक्का?" मग त्यांच्या जोडीदार तुंगाक्का वीस मिनिटं वंचक समजावून सांगायच्या. अख्ख्या आठवड्यात श्रीधररावांशी एवढं कोणीच बोलत नसे.

परवा ऐन पाण्यावरून वंचक उडाला आणि श्रीधररावांचं भान सुटलं. "वंचक. पाठ कशी तांबूस झालीय बघा, विणीचा हंगाम आला."

फेरी नेणारी भव्या नेमकी मागेच उभी होती. "सरी, ठीक आहे अंकल, दहा झाले. पुढच्या रविवारपासून तुम्ही एकटे."

श्रीधरराव दुर्बिणीची काच पुसू लागले. ती स्वच्छच होती.



"अगं, त्यांचं काय ऐकतेस," दहा हात लांब उभ्या असलेल्या तुंगाक्का म्हणाल्या, "मीच आत्ता त्यांच्या कानात सांगितलं. त्यांना अजून स्वल्पसुद्धा येत नाही."