चार इंच

दवाखान्याच्या पत्र्याखाली ग्लासवूलचे कापसासारखे थर बसवायचे होते.

"चार इंचाचा थर दोन इंचांत दाबून बसवा," मुकादम म्हणाला. "घट्ट म्हणजे पक्कं."

"दाबला की त्यातली हवा गेली, आणि ऊन आत आलं," मजुरांतली एक बाई म्हणाली. या कामावर यायच्या आधी तिने वीस वर्षं गाद्या भरल्या होत्या.

"गादीवाले, इथं काय कुणाला झोपवायचंय?"

"पेशंटांना."

सगळे फिदीफिदी हसले. मुकादम पेटला. पैज लागली : हरली तर तिने परत गाद्या भरायला जायचं, जिंकली तर छत ती सांगेल तसं.

सकाळी दहा. दोन लाकडी पेट्या उन्हात. ग्लासवूल दोन्हींत तेवढंच. त्याचं दाबलेलं, तिचं फुललेलं. प्रत्येकीत बर्फाने भरलेला स्टीलचा डबा.

दुपारी बारा. मुकादम शीळ घालतोय.

दुपारी चार. मुकादमाच्या डब्यात नुसतं पाणी. "तहान लागलीच होती," म्हणत त्याने ते ग्लासात ओतलं आणि एक घोट घेतला.

"गार आहे का, मुकादम?"

"कोमट."

तिने आपला डबा उघडला आणि त्यातला बर्फाचा खडा त्याच्या ग्लासात टाकला.

"आता प्या. आणि शिडी आणा."