दरीची ओ

“दरीच्या काठावर लेकराला हाक मारू नका, ताई. ओ येते,” म्हाताऱ्या वनरक्षकाने बजावलं होतं.

“अहो काका, प्रतिध्वनी तो!” तिने हसण्यावारी नेलं.

आज या भित्र्या भागूबाईने स्वतः गाडी चालवत अख्खा घाट पार केला होता! बिबट्या दिसला, गवे दिसले, धबधबाही. नवरा गाडीत तान्ह्याला कुशीत घेऊन झोपला होता. कड्यावर लेकीचा हात घट्ट धरून ती गड जिंकल्यासारखी ओरडली, “चिमणेऽऽ!”

“ओऽऽ!” दरीतून आली.

“आई, मी नाही ओ दिली,” बिस्किटाने भरलेल्या तोंडाने लेक म्हणाली.

“लबाड कुठली!” हसत तिने पुन्हा हाक मारली.

“ओ, आई!”

या वेळी मागून, गाडीच्या उघड्या काचेतून. लेकीचा हात तिच्या हातातच होता.

तिचा पाय उचलत नाहीये हो. तुम्ही जरा बघता का, गाडीत ते दोघंच आहेत ना?