चार मिनिटांची चाल

फुलं विकून झाली की पुंजाराम दर रविवारी गंगापूर रोडला लेकाच्या खोलीवर जात आणि त्याने बनवलेल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमशी एक डाव खेळत. त्या सेकंडहँड कॉम्प्युटरला एकेका चालीला चार मिनिटं लागायची.

“एवढं काय करतंय रे हे?”

“प्रत्येक चालीनंतर कोणतं मोहरं कुठंकुठं जाऊ शकतं ते मोजतंय, तात्या. सगळीच्या सगळी मोहरी.”

“पाणी भरताना एक सरी फुटली तर आपण सगळं वावर हिंडतो का? आजूबाजूच्या सऱ्या तेवढ्या बघायच्या.”

गोरक्षने ते मनावर घेतलं. आठवडाभर खपून त्याने प्रोग्रॅम बदलला. हललेलं मोहरं आणि त्यामुळे ज्यांची वाट अडली किंवा मोकळी झाली, तेवढीच पुन्हा मोजायची. पुढच्या रविवारी कॉम्प्युटर पाच सेकंदांत खेळू लागला. चहा निवायच्या आत पुंजाराम हरलेसुद्धा.

“बघा तात्या, तुमच्या सरीची कमाल!”

पुंजाराम टोपी घालून उठले आणि दाराशी थांबले.

“गोरक्ष, ते पहिल्यासारखं करता येईल का?”

“का? हरलात म्हणून?”

“नाय रे. ते मोजत बसायचं, तवर तू माझ्याशी बोलायचास.”