दारासमोरची जागा

“गुलाबी नको,” ग्लेंडा म्हणाली. “माझ्या नातीच्या खेळण्यातलं वाटतं.”

बंदुकांचा दुकानदार डेल हसला. त्याने ते चिमुकलं रिव्हॉल्व्हर परत काचेखाली ठेवलं. “बरं झालं बाई. नवरे येतात आणि बायकोसाठी हटकून हेच उचलतात. लहान, हलकं, नाजूक. एक गोळी झाडली की मनगटाला असा हिसका बसतो, की ती पुन्हा त्याला हात लावत नाही.”

“नवऱ्यांना काय कळतंय!” ग्लेंडा म्हणाली आणि तिने जीभ चावली. मागेच वर्लिन उभा होता.

वर्लिन टॅकेट, तिचा नवरा. आमच्या गावात त्याच्याइतका संशयी माणूस दुसरा नाही. तीस वर्षांपूर्वी शाळेच्या नाचाला ग्लेंडा डेलची जोडीदार म्हणून गेली होती. एकदाच. तेवढ्यावरून वर्लिनने डेलच्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. काडतुसं आणायलासुद्धा तो डोंगरापलीकडे जायचा. आमच्याकडे जोडपं बाहेर खायला बसलं, की ज्याच्या कमरेला पिस्तूल असेल तो दाराकडे तोंड करून बसतो. वर्लिनही बसायचा. लोक म्हणायचे, हा चोराची वाट बघत नाही, डेलची बघतो. त्यातून दोन वर्षांपूर्वी डेलची बायको वारली. तेव्हापासून तर काही विचारूच नका.

गेला महिनाभर वर्लिन सकाळची कॉफीही मागच्या ओसरीत एकटाच प्यायचा, तिच्याकडे पाठ करून. आणि आज तोच म्हणाला, “तुझ्यासाठी पिस्तूल घेऊन टाकू. डेलकडे जाऊ. गाडी तू चालव.”

ग्लेंडाने ओळखलं. डेलला बघून आपला चेहरा कसा होतो, ते याला बघायचंय. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन मुलं वाढवली, नात झाली, आणि अजून परीक्षा! आज याने दुकानात तमाशा केला तर घरी परतायचं नाही, थेट बहिणीकडे निघून जायचं, असं तिने ठरवून टाकलं. गाडीची किल्ली तिच्याच खिशात होती.

डेलने एक काळं, मध्यम आकाराचं पिस्तूल काढलं. ते रिकामं असल्याचं दाखवलं आणि सवयीने आधी वर्लिनपुढे धरलं.

वर्लिनने हात पुढे केला नाही. त्याचे दोन्ही हात जाकिटाच्या खिशात होते. बाहेर जुलैचं ऊन रणरणत होतं. पण आमच्याकडे उन्हाळ्यात कुणी जाकीट घातलं तर कुणी विचारत नाही. आत पिस्तूल असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

“मला काय दाखवतोस?” तो गुरगुरला. “तिला दे.”

ग्लेंडाने पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून पाहिला. हलेना.

“नुसतं ओढू नकोस,” डेल म्हणाला. “वरचा भाग पंजाने घट्ट धरून ठेव, आणि खालच्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. वर्लिन, तूच दाखव ना तिला. तुला तर झोपेतही जमेल.”

“दुकान तुझंय. तूच दाखव.”

डेल घुटमळला. मग काउंटरच्या बाहेर आला आणि त्याने चाचरतच ग्लेंडाच्या हातांवर हात ठेवले. खट्ट आवाज झाला. वरचा भाग मागे सरकला. ग्लेंडाला एवढा आनंद झाला की ती खळखळून हसली आणि हसतच मागे वळली.

वर्लिनचे कान लालबुंद झाले होते. खिशातल्या मुठी थरथरत होत्या. सबंध जाकीट हलत होतं. आता हा डेलच्या अंगावर जाणार, असं तिला वाटलं.

“हेच घे,” वर्लिन म्हणाला. मग डेलकडे न बघताच बोलला, “रविवारी चर्च सुटलं की मोकळा असतोस ना? हिला नेमबाजीला घेऊन जा. दर रविवारी. चांगली तयार होईपर्यंत.” एकेक शब्द दात उपटावा तसा तोंडातून निघत होता.

“पुरे झाली परीक्षा, वर्लिन!” ग्लेंडा कडाडली. “काय शोधतोयस तू माझ्यात?”

डेल छताकडे बघू लागला. वर्लिन एवढंच म्हणाला, “भूक लागलीय. चल.”

रागाच्या भरातही तिने पिस्तूल घेतलं. ते तिला आवडलं होतं. कागदपत्रं झाली. खोकं काखेत मारून, गाडीची किल्ली हातात काढून ती समोरच्या खानावळीकडे तरातरा निघाली. त्याला दोन शब्द सुनवायचे, आणि मग बहिणीकडे. वर्लिन आधीच आत पोचला होता.

तो नेहमीच्याच टेबलाशी बसला होता. पण तिच्या जागेवर. दाराकडे पाठ करून.

“ऊठ,” ती म्हणाली. “ती माझी जागा आहे.”

वर्लिनने खांदे झटकत जाकीट उतरवलं. कमरेचा पट्टा मोकळा होता. पिस्तूल नव्हतं. मग त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. चमचा बशीवर किणकिणायला लागला. डाव्या हाताने त्याने उजवा दाबून धरायला पाहिलं. दोन्ही थरथरू लागले.

“डॉक्टर म्हणतो, हे आता वाढतच जाणार,” तो म्हणाला. “असल्या हातात पिस्तूल धरायचं नसतं. आणि पुऱ्या गावात डेलइतकं चांगलं कोणी शिकवत नाही. काय करू?”

ग्लेंडाने किल्ली परत खिशात टाकली. मग ती समोरच्या बाकावर बसली. तिथून दार लख्ख दिसत होतं.

“दारावर आता तू नजर ठेव,” वर्लिन म्हणाला. “आणि रविवारी निशाण्यावर. डेलवर नको.”