वासाचं कुलूप

“अगं रेवती, खोबरं करपलं!” सासूबाई ओरडल्या, तेव्हा कुठे कढईसमोर उभ्या रेवतीला कळलं. तिने नोकरी सोडली तेव्हा मसाला कंपनीने तिच्या मेंदूत कुलूप बसवून तिची वासाची जाण पाच वर्षांसाठी बंद करून टाकली होती. तिने दुसऱ्या कुणासाठी मसाले करू नयेत म्हणून. कालच्या नव्या कायद्याने ही बंदी बेकायदा ठरली होती. तिने कामगार कचेरीत फोन लावला.

“बंदी उठली, ताई,” कारकून म्हणाला, “पण मेंदूतलं कुलूप उघडायचा कोड कंपनीकडे होता आणि कंपनीच बंद पडली.”

“अहो, पण मसाले मला माझ्या आईने शिकवले होते!”

“अर्जात तसा रकाना नाही.”

सासूबाईंनी धुरी दिलेलं तिचं तान्हं बाळ तिच्याकडे दिलं. रेवतीने त्याच्या टाळूला नाक टेकवलं. मग सासूबाईंना हळूच विचारलं,

“ह्याच्या अंगाला कसा वास येतो हो?”