हस्तिदंती गाडीचे गुणदोष

सुज्ञ वाचकांच्या समोर येथे एका आरामदायी, उंची मोटारीच्या गुणदोषांची चर्चा नम्रपणे ठेवण्यात येत आहे. ही चर्चा कोणा तज्ज्ञाने केलेली नाही. त्या मोटारीच्या मागच्या आसनावर आठवड्यातून तीन वेळा बसणाऱ्या एका एक्याऐंशी वर्षांच्या स्त्रीने ती केली आहे, आणि ती जर्मनीतील गोर्लिट्झ गावी, डायलिसिस केंद्राच्या दारात, सकाळी पावणेसात वाजता झाली.

हस्तिदंती रंगाची ती लांबलचक टॅक्सी थांबली, तेव्हा हेडविग पोल्टे हिने दोन्ही पाय बाहेर काढले आणि उठण्याचा प्रयत्न केला. गादी तिच्याखाली खचली. गुडघे छातीशी आले. तिने पुन्हा जोर केला. तोही निष्फळ ठरला. तेवढ्यात चालक डेटलेफ मिट्श्के वळसा घालून धावत आला, त्याने तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उचलून उभे केले. हे त्याने अत्यंत प्रेमाने केले.

दारात उभ्या असलेल्या सिस्टर कोरिनाने ते पाहिले आणि हातातील, रुग्णांच्या ने-आणीच्या नोंदीच्या कागदावर पेन टेकविले.

“पोल्टेबाई, आज तिसऱ्यांदा बघतेय मी. तुम्हाला एकटीला उठता येत नाहीये. सोमवारपासून रुग्णवाहिका येईल. दोन माणसं खुर्चीत बसवून आणतील, खुर्चीतच घरी सोडतील. काही काळजी करू नका.”

हेडविगच्या अंगाचा तिळपापड झाला. खुर्चीतून आणाव्या लागणाऱ्या बाईला दुसऱ्या मजल्यावरील घरात एकटीने राहू देत नाहीत, हे तिला पक्के ठाऊक होते. तिची समोरची शेजारीण अशाच एका कागदावरून वृद्धाश्रमात गेली होती. त्या शेजारणीच्या खिडकीतील फुलझाडे घरमालकाने कुंड्यांसकट कचऱ्यात टाकली होती.

“माझे पाय ठणठणीत आहेत,” ती म्हणाली. “खोट या गाडीत आहे.”

“गाडीत?” मिट्श्केने असे विचारले, जणू कोणी त्याच्या आईचे नाव काढले होते. “अहो, हवेवर तरंगते ती! आपल्या गावच्या दगडी रस्त्यावरून कॉफीचा भरलेला पेला घेऊन जा, एक थेंब सांडला तर माझं नाव बदला. गादी गरम होते. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. मंत्री बसतात असल्या गाडीत, मंत्री!”

“मंत्र्यांना कुठं उतरायचं असतं, मिट्श्के?”

“तुमच्यासारख्यांसाठी घेतली मी ही! बाकीचे टॅक्सीवाले आदळत-आपटत नेतात. मागच्या वर्षी घरी जाताना रस्ताभर ओकत होतात तुम्ही. आता ओकता?”

“नाही ओकत. मान्य. दगड कळत नाहीत, तेही मान्य. थंडीत कंबर शेकते, देव तुमचं भलं करो. इतकं मऊ मला माझ्या नवऱ्यानंसुद्धा कधी ठेवलं नाही. पण तो मला उठू तरी द्यायचा!” तिचा आवाज चढला. “बसणाऱ्यासाठी केलीय ही गाडी, उतरणाऱ्यासाठी नाही. आत जाते ती बाई, आणि बाहेर निघतं ते बटाट्याचं पोतं. आणि हे बघायला ही दारात कागद घेऊन उभी!”

“चांगली फेड केलीत!” मिट्श्केचा चेहरा लालबुंद झाला. “मी ओढलं नसतं ना, तर दुपारपर्यंत आतच बसला असता!”

“बसले असते! पण उठले असते ती माझी मी!”

“भांडणं नंतर,” सिस्टर म्हणाली. “यंत्र लावून तयार आहे. चला आत.”

“यंत्र थांबेल.”

दाराच्या बाजूला सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक लाकडी बाकडे ठेवलेले होते. त्याला पाठ नव्हती, हात टेकायलाही काही नव्हते. हेडविग तेथवर चालत गेली. तिने दोन्ही हात छातीवर घट्ट बांधले. ती बसली. उठली.

सिस्टरने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. तोवर ती पुन्हा बसली होती. पुन्हा उठली.

तिसऱ्या वेळी तिचा श्वास शिटीसारखा वाजू लागला. चौथ्या वेळी लोकरी टोपी घसरून एका डोळ्यावर आली. ती सारखी करण्याकरिता हात सोडवावा लागला असता, म्हणून तिने ती तशीच राहू दिली. मिट्श्के सवयीने दोन पावले पुढे झाला.

“हात लावून तर बघा!”

तो जागच्या जागी थांबला. त्याच्या मुठी अद्याप वळलेल्या होत्या, कानांची लाली उतरलेली नव्हती. ती पुन्हा खाली गेली, मध्येच थरथरली, आणि वर आली.

“पाच,” तो घुश्श्यातच म्हणाला.

ती बसली. उठली.

“सहा.”

“पुरे, पोल्टेबाई! चक्कर येऊन पडाल.”

“सात!” मिट्श्के सिस्टरच्या अंगावर ओरडला.

हेडविग उभी होती. तिचे ओठ निळसर पडले होते आणि हात अजून छातीवरच होते. टोपीखालून सुटलेल्या एका डोळ्याने ती कागदाकडे रोखून पाहत होती.

“मोजलं ना त्यानं?” ती म्हणाली. “मग लिहा.”

हे अल्प कथन येथे पूर्ण होत आहे. आपण ते शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल हा लिहिणारा आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला,
भागुजी लक्ष्मण टेमकर